बॅलास्ट जलसंस्करण, विद्युत् रासायनिक

माल उतरवून हलके झालेले जहाज पाण्यात पुरेसे बुडालेले राहावे व त्याचा तोल साधावा म्हणून त्याच्या टाक्यांत बंदरातील पाणी भरून घेतात. यास बॅलास्ट पाणी म्हणतात. त्यातील सजीवांचा विद्युत् विच्छेदनाने निर्माण झालेल्या ऑक्सिडीकारक द्रव्यांनी नाश करण्याच्या पद्धतीस विद्युत् रासायनिक संस्करण असे म्हणतात.

या पाण्याबरोबर प्लवक, प्राण्यांचे डिंभ व सूक्ष्मजंतू जहाजात येतात आणि माल भरताना दूरच्या बंदरात सोडले जातात. तेथे नैसर्गिक शत्रू नसल्यास त्यांतील काहींची बेसुमार वाढ होते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील निमिऑप्सिस लेडयी हा टिनोफोरा संघातील प्राणी १९८० नंतर काळ्या समुद्रात पसरला. त्याने प्लवक, माशांची अंडी व डिंभ फस्त केले आणि त्या दशकाच्या अखेरीस अँचोव्ही माशांचे उत्पादन कोसळले. अतिमासेमारी हेही त्याचे एक कारण होते. अशी जाती एकदा स्थिरावली की, तिचे निर्मूलन बहुधा अशक्य असते. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

पाणी घेताना ते प्रथम सु. ४०–५० मायक्रॉनच्या गाळणीतून जाते. नंतर ते, किंवा त्याचा अल्प भाग, विद्युत् घटातून नेतात. घटातील धनाग्र टिटॅनियमचे असून त्यावर रुथेनियम, इरिडियम यांच्या ऑक्साइडांचा लेप असतो. धनाग्रापाशी क्लोराइडापासून क्लोरीन व ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू तयार होतो. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस अम्ल बनते. समुद्राच्या पाण्यातील ब्रोमाइडाशी त्याची विक्रिया होऊन हायपोब्रोमस अम्लही मिळते. ही द्रव्ये पेशींतील एंझाइमांचा व पटलांचा नाश करतात. जंतुनाशक रसायनांचा साठा जहाजावर बाळगावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

मात्र जे विष टाकीतील जीव मारते, तेच बाहेरच्या समुद्रासही घातक असते. म्हणून पाणी सोडताना उरलेल्या ऑक्सिडीकारकाचे सोडियम थायोसल्फेट वा बायसल्फाइट यांनी उदासिनीकरण करतात. तरीही ब्रोमोफॉर्मसारखी उपउत्पादने काही अंशी राहतात. हायड्रोजनाचे हवेतील प्रमाण सु. ४ टक्क्यांवर गेल्यास स्फोटाचा धोका असल्याने तो हवेत विरळ करून बाहेर सोडतात. नदीमुखातील गोड्या पाण्यात क्लोराइड अपुरे पडते. थंड पाण्यातही कार्यक्षमता घटते. अशा वेळी साठविलेले खारे पाणी मिसळणे किंवा पाणी तापविणे आवश्यक ठरते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्ये स्वीकारलेला बॅलास्ट जलविषयक करार ८ सप्टेंबर २०१७ रोजी अंमलात आला. त्यानुसार सोडलेल्या पाण्याच्या १ घ. मी. मध्ये ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी असावे लागतात. पटकीचे जंतू व एश्चेरिकिया कोलाय यांवरही मर्यादा आहेत. करारापूर्वी याच संघटनेच्या सहभागाने २००० मध्ये सुरू झालेल्या ग्लोबॅलास्ट प्रकल्पातील सहा प्रायोगिक बंदरांत मुंबईचा समावेश होता. तेथील जीवजातींची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. बंदरात मूळचे कोणते जीव आहेत हे ठाऊक असल्याशिवाय परका जीव ओळखता येत नाही. त्यामुळे जहाजावरील यंत्रणेइतकीच अशी पाहणीही महत्त्वाची आहे.