तोंडाला आधी येणारं म्हातारपण

४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन झाला. ‘आयुर्मान वाढलं म्हणून कर्करोग वाढला’ हे वाक्य यंदाही भाषणांत ऐकलं. ते खरंच आहे. पण नागपूरच्या कुठल्याही पानठेल्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलं, की ते अपुरं वाटू लागतं.

पेशी विभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहून जातात. एका चुकीनं कर्करोग होत नाही; एकाच पेशीत अनेक चुका साचाव्या लागतात आणि त्यात वर्षं जातात. आर्मिटेज आणि डॉल या ब्रिटिश संशोधकांनी १९५४ सालीच हे गणित मांडलं. शरीराकडे यावर तोडही आहे. फार बिघडलेली पेशी विभागणंच कायमचं थांबवते, म्हणजे म्हातारी होते. एवढ्यापुरतं म्हातारपण आपलं रक्षणच करतं. मात्र अशा थकल्या पेशी साचत गेल्या, की त्यांच्यातून झिरपणारी रसायनं दाह धुमसत ठेवतात आणि शेजारच्या बिघडलेल्या पेशींचं फावतं.

आता खर्रा पाहा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि तासन्‌तास गालात धरायचा. सुपारीनं गालाची आतली बाजू पांढरट, ताठ होते. तिखट सोसवत नाही, पुढे तोंडच उघडत नाही. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. अशा रुग्णांच्या गालात संशोधकांना त्याच थकल्या पेशींची गर्दी सापडली आहे. विशी-पंचविशीच्या पोराच्या तोंडात म्हातारपण आधी येऊन बसतं, आणि कर्करोगाला साठीची वाट पाहावी लागत नाही.

‘मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो’ हे समाधानही फोल आहे. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं. नागपुरात १९८० पासून कर्करोगाची नोंदणी होते आणि पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर दिसतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी ठेल्याठेल्यावर खर्रा घोटला जातोच. या कर्करोगाचा दोष वयावर ढकलणं मला मान्य नाही.

आज आरशासमोर उभे राहा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर खर्रा आजच सोडा आणि उद्या सकाळी नागपूरच्या मेडिकल कॉलेज परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठा. घरातल्या पोरांनाही हे करून पाहायला लावा.