कानाची मशीन आणि चंद्रपूरचा घाम

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात चुनखडी आहे, म्हणून सिमेंटचे कारखाने आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही नावं बाहेरच्यांना ठाऊक झाली ती त्यामुळेच. खाणीतले सुरुंग, क्रशर, सिमेंट मिल यांच्याजवळ उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाची उतारवयातली तक्रार बहुतेक ठरलेली असते : ऐकू येतं, पण कळत नाही.

मोठा आवाज आतल्या कानातल्या नाजूक पेशी मारतो, आणि उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. मग ‘स’, ‘फ’, ‘थ’ पुसट होतात. दुकानदार ‘साठ’ म्हणतो, गिऱ्हाइकाला ‘आठ’ ऐकू येतं. भारतात कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, पण ८५ च्या पुढेच कानाला धोका सुरू होतो. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने ठरवलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. वयानेही हेच होतं, फक्त सावकाश.

कानाची मशीन घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न येतो : दिसणार नाही अशी मिळेल का? लाज समजण्यासारखी आहे, पण मशीन तिच्यावर ठरवू नये. कानाच्या आत बसणारी छोटी मशीन मळ आणि घामाने लवकर तुंबते, तिची बॅटरी म्हाताऱ्या बोटांत धरवत नाही आणि जास्त बहिरेपणाला तिची ताकद पुरत नाही. चंद्रपूरचा मे ४५ अंशांपुढे जातो, वर सिमेंटची नाहीतर कापसाची धूळ. इथे कानामागे बसणारी मशीनच बरी. फक्त उंच पट्टी गेली असेल तर बारीक नळी आणि मऊ टोपी पुरते. बहिरेपणा जास्त असेल तर कानाचं माप घेऊन मोल्ड बनवावा लागतो. खिशातली मशीन स्वस्त असते आणि तिची बटणं मोठी असतात, पण सदऱ्याची घासघासही ती मोठी करून ऐकवते. कोणतीही घ्या, आधी डॉक्टरांनी कान तपासलेला असावा आणि मशीन ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे, लावून मिळावी. काही वेळा साधा मळ काढला की भागतं.

निगा रोजची आहे. रात्री मशीन काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, बॅटरीचं दार उघडं ठेवायचं आणि सिलिका जेलच्या डबीत ठेवायची. मोल्ड मशीनपासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुता येतो. मशीनला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. नळीत थेंब राहिला तर आवाज अडतो, म्हणून मोल्ड पूर्ण वाळल्यावरच जोडायचा. नळी कडक, पिवळी पडली की बदलायची. उन्हात उभ्या गाडीत मशीन विसरू नये.

बॅटरी बहुतेकदा झिंक-एअर जातीची असते. तिच्या पाठीवरचं रंगीत स्टिकर काढलं की आत हवा जाते आणि ती जागी होते. म्हणून स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं, मगच घालायची. स्टिकर परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. घरात लहान मूल असेल तर वापरलेली बॅटरीही हाताशी ठेवू नका. गिळली तर तडक दवाखाना गाठावा लागतो.

पैशांची थोडी सोय आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. या रकमेत चांगली डिजिटल मशीन येत नाही, हेही खरं.

खरी अडचण पुढे येते. नव्या मशीनने स्वतःचाच आवाज घुमतो, भांडी कर्कश वाटतात. कान रुळायला काही आठवडे लागतात आणि मधे एक-दोनदा मशीन पुन्हा जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला एसटीने चंद्रपूर गाठावं लागलं, तर दुसऱ्या फेरीआधीच मशीन पेटीत जाते. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस ऑडिओलॉजिस्ट बसवावा. ज्या कारखान्यांच्या आवाजात हे कान गेले, त्यांनी सामाजिक निधीतून त्याचा खर्च उचलावा.