*जुन्या जीपचा आवाज: गॅरेजला नेण्याआधी एवढं बघा*



आज फवारणी नाही, खत नाही. आज जीप. पाऊस तोंडावर आलाय. वस्तीच्या रस्त्याला चिखल झाला की टेम्पोवाला वर यायला नको म्हणतो आणि सगळा माल जुन्या जीपवर येतो. आपल्या सभासदांकडं कमांडर, मेजर, एमएम ५४० अशा गाड्या अजून चालू आहेत. संकलन केंद्रावर माल उतरवताना त्यांचे आवाज मी रोज ऐकतो. मी काही मेकॅनिक नाही, कृषी पदविकावाला आहे. पण घरी जीप आहे.

*गेल्या वर्षीची गोष्ट.* जून महिना, नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो चालवलेला, मागं ४० क्रेट. तात्या गाडी चालवत होते, मी शेजारी, क्रेटवर दोन पोरं बसलेली. आठ-दहा दिवस गाडीखालून चिमणी चिवचिवावी तसा चिर्र-चिर्र आवाज यायचा. तात्यांचं म्हणणं, "म्हातारी गाडी, कण्हणारच." मग तो आवाज आपोआप थांबला, आम्ही खूश! त्याच्या जागी क्लच सोडताना 'खट्ट' व्हायला लागलं होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

उतारावर खालून घणाचे घाव बसल्यासारखा आवाज आला. तात्यांनी गाडी कडेला घेतली. प्रोपेलर शाफ्ट पुढच्या बाजूनं निखळून रस्त्याला घासत होता. सायलेन्सर चेपला होता, ते सोडा. शाफ्टचा फटका ब्रेकच्या पाइपलाही बसला होता. पाइप वाकला, फुटला नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असते, पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. मागं पोरं होती. (माल वाहताना मागं माणसं बसवणं मी त्या दिवसापासून बंद केलं. तुम्हीही करा.)

गेला होता फक्त क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट. काहीशे रुपयांचा भाग. त्याला शेवटचं ग्रीस कधी मारलं हे घरात एकालाही सांगता येईना.

*आवाज थांबला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही.* क्रॉसच्या चार टोकांना चार वाट्या असतात, आत सुईसारखे बारीक रोलर. ग्रीस संपलं की ते कोरडे वाजतात, हीच ती चिमणी. गंज चढून त्यांचा भुगा झाला की चिरचिर थांबते, पण जॉइंटमध्ये ढील येते आणि खट्ट सुरू होतं. म्हणून आजच गाडीखाली बघा. वाटीच्या कडेला तांबूस पावडर दिसली तर तो क्रॉस बदलायचाच, त्यावर ग्रीस मारून उपयोग नाही. शाफ्ट हातात धरून दोन्ही बाजूंना पिळून बघा. क्रॉसमध्येच हालचाल जाणवली तर तोही संपला. चांगला असेल तर निपलला ग्रीस गन लावून चारही वाट्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. नाल्याच्या पाण्यातून गेलात की परत.

*गाडीखाली जाण्याआधी:* सपाट जागा, चाकांना पुढून-मागून दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. जुन्या विलीज पद्धतीच्या काही जीपना हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागं, शाफ्टवर असतो. तिथं शाफ्ट सोडला किंवा मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते.

आता बाकीचे आवाज. "साहेब, पानं पिवळी पडलीत" असा फोन आला की मी उलट विचारतो, वरची का खालची? शिरा हिरव्या आहेत का? तसंच इथंही आहे. "गाडी वाजतीय" एवढंच सांगून गॅरेजला गेलात तर काय काय उघडलं जाईल सांगता येत नाही. आमच्या क्रॉसचा आवाज ऐकून एका गॅरेजवाल्यानं हौसिंग उघडायला सांगितलं होतं.

*पहिला प्रश्न: आवाज इंजिनबरोबर वाढतो का चाकाबरोबर?* मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर ४० च्या आसपास जा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच वाहू द्या. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकला बूस्टर असेल तर ब्रेक जड होतो. उतारावर तर हा प्रयोग नकोच. न्यूट्रलला इंजिन खाली आलं तरी आवाज तसाच राहिला तर दोष मागं आहे: शाफ्ट, हौसिंग, चाकाचं बेअरिंग किंवा टायर. आवाज इंजिनबरोबर उतरला तर पुढं बघा.

*दुसरा प्रश्न: ॲक्सिलरेटरला काय होतं?* घूंऽऽ असा आवाज पाय दाबला की एक आणि सोडला की वेगळा येत असेल तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्या. पाय दाबा-सोडा, फरक पडत नाही, पण वळणावर आवाज बदलतो? मग चाकाचं बेअरिंग. डावीकडं वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर आधी उजवी बाजू तपासा.

क्लचचं सोपं आहे. उभ्या गाडीत पेडल दाबल्यावर आवाज येतो तर बहुतेक रिलीज बेअरिंग. न्यूट्रलला येतो आणि दाबल्यावर जातो तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग.

ठराविक वेगाला सगळी गाडी थरथरते, आणि नुकताच शाफ्ट काढून बसवलाय? दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत का बघा. मधला सरकता जोड एक-दोन दाते फिरवून बसला तरी गाडी थरथरते. खर्च शून्य, फक्त काढून नीट बसवायचं.

आणि हसू नका, पण सगळ्यात आधी *चाकाचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट* आवळून बघा. तेही खट्ट वाजतात.

*फोर-व्हील फक्त चिखलात.* या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये वेगळा डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर जात नाही. सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरवर येतो, गाडी अडखळते, लिव्हर अडकतो. अशा वेळी लिव्हरशी मारामारी करू नका. गाडी सरळ थोडी मागं घ्या, पीळ सुटतो. पुढं झिजलेले आणि मागं नवेकोरे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच त्रास होतो.

शेवटचं ऑइल. हौसिंगचा वरचा बोल्ट काढून बोट घाला, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. लांबून आलेलं गरम हौसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ करा, ऑइल पूर्ण बदला. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल हौसिंगला घालायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडा. क्राऊन-पिनियनला गिअर ऑइलच लागतं.

कुणाच्या गाडीचा आवाज कळत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा. चालवणाऱ्यानं मोबाईल हातात घ्यायचा नाही, शेजारच्यानं रेकॉर्ड करायचं. सोबत लिहा: वेग किती, गिअर कुठला, माल होता का, न्यूट्रलला काय झालं. आमच्या क्रॉस बदलणाऱ्या मिस्त्रींना मी ऐकवतो. खट्ट वाजत असेल तर मात्र उत्तराची वाट बघू नका, गाडी आजच उभी करा.

– कंपनीचा शेती सल्लागार 🌱