तमिळचे पोपसाहेब

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरून जाताना रस्त्याकडेच्या पुतळ्यांकडे जरा नीट पाहावे. औवैयार, कंबन, तिरुवळ्ळुवर, भारतियार ही मंडळी तिथे असणारच. पण त्यांच्या पंगतीत तीन युरोपीय पाद्रीही उभे आहेत: बेस्की, कॉल्डवेल आणि जॉर्ज उग्लो पोप. हे पुतळे जानेवारी 1968 मध्ये दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने उभे राहिले. मुख्यमंत्री होते अण्णादुराई. भाषाभिमान ऐन भरात असताना तमिळांनी परक्या पाद्र्यांना असा मान दिला. आपण मोल्सवर्थचा कोश आजही उघडतो, पण मोल्सवर्थच्या किंवा कँडीच्या पुतळ्याची मागणी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

पुतळ्यांतल्या या तीन पाद्र्यांमध्ये खरा मास्तर पोप. बेस्की कवी होता, कॉल्डवेल भाषाशास्त्रज्ञ; पोपने मात्र जन्मभर शिकवले.

त्याचा जन्म 24 एप्रिल 1820 चा, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचा. तो लहान असतानाच घरचे इंग्लंडात प्लिमथला परतले. 1839 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, धर्मप्रचारक म्हणून तो मद्रासला उतरला. त्या शहरात परक्यांना देशी भाषा शिकवण्याची घडी आधीच बसलेली होती. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एलिस याच्या पुढाकाराने 1812 मध्ये फोर्ट सेंट जॉर्जचे कॉलेज निघाले होते. कंपनीचे कोवळे साहेब तिथे तमिळ-तेलुगू गिरवत आणि पंडित त्यांचे उच्चार सुधारत. पोपलाही मद्रासमध्ये रामानुज कविरायर यांच्यासारखा गुरू लाभला. पुतळा शिष्याचा झाला आणि गुरूचे नाव अभ्यासकांपुरते उरले. साहेबांच्या भाषाभ्यासाच्या बहुतेक कहाण्यांत हेच घडलेले दिसते.

पुढे तिरुनेल्वेलीकडच्या सॉयरपुरमला त्याने पाद्री आणि शिक्षक घडवणारी शाळा चालवली. 1851 नंतरची काही वर्षे तंजावरात गेली. तिथल्या मराठा गादीचा तो अखेरचा काळ. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. त्यानंतर उटकमंडला शाळा, मग बंगळुरात बिशप कॉटन स्कूल. पोपची शिस्त कडक होती आणि छडी हातची सुटत नसे. त्याच्या या कडकपणाबद्दल मिशनमधल्या सहकाऱ्यांनीही नाराजी नोंदवली आहे. प्रेमळ गुरुजींचे चित्र रंगवणाऱ्यांनी हा भाग गाळू नये.

छडीपेक्षा त्याची पुस्तके जास्त बोलकी आहेत. त्याने मुलांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात तमिळ व्याकरण लिहिले. परक्यांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तकात ओलेनडॉर्फ आणि अर्नोल्ड यांची पद्धत उचलली. युरोपात फ्रेंच-जर्मन किंवा लॅटिन शिकवण्यासाठी ती लोकप्रिय होती. पाठ छोटा, शब्द मोजके, लगेच वाक्ये बनवायची, उत्तरे ताडून पाहायची आणि पुढे सरकायचे. नियमांचे डोंगर आधी पाठ करायला लावणाऱ्या व्याकरणांच्या तुलनेत हे फारच माणसाळलेले होते. बोलीची तमिळ आणि ग्रंथांची तमिळ यांत मोठे अंतर आहे. पोपने विद्यार्थ्याला आधी बाजारात बोलायला शिकवले आणि मग नालडियार या जुन्या नीतिकाव्याकडे नेले. मला त्याचे मोठेपण या क्रमात दिसते. भाषांतरे पुढे अनेकांनी केली, पण शिकणाऱ्याची अडचण नेमकी कुठे येते हे ओळखणारे थोडे.

1880 नंतर तो इंग्लंडला परतला आणि 1884 पासून ऑक्सफर्डमध्ये तमिळ व तेलुगू शिकवू लागला. समोर बहुतेक मुले हिंदुस्थानात नोकरीला जाणारी. मद्रास इलाख्यात नेमणूक म्हणजे भाषेची परीक्षा आलीच. अशा विद्यार्थ्यांना कवितेची गोडी किती लागली असेल, हा प्रश्नच आहे. पोप मात्र थांबला नाही. 1886 मध्ये तिरुवळ्ळुवरांच्या कुरळच्या 1330 द्विपद्यांचे पद्य भाषांतर आले, 1893 मध्ये नालडियार. तेव्हा बेलियल कॉलेजचे प्रमुख जोवेट यांनी त्याला तिरुवासगम हाती घ्यायला सुचवले. या वयात एवढे काम कसे निभावणार, अशी शंका पोपने काढली. मोठे काम हाती असेल तर माणूस जगतो, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. जोवेट त्याच वर्षी गेले. माणिक्कवासगरांच्या शैव भक्तिकाव्याचे ते भाषांतर मात्र 1900 मध्ये पुरे झाले आणि पोपने प्रस्तावनेवर आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाची तारीख घातली.

त्याचे सगळेच पटत नाही. वळ्ळुवरांचे नाते परंपरेने मैलापूरशी जोडतात आणि तिथे ख्रिस्ती वस्ती जुनी. एवढ्यावरून कुरळवर ख्रिस्ती उपदेशाची छाया असावी, असे पोपने मांडले. याला आधार नाही. पाद्र्याचा मोह म्हणून ते सोडून द्यावे. गंमत अशी की हाच माणूस म्हातारपणी शैव सिद्धान्ताबद्दल इतक्या आदराने लिहितो की मिशनऱ्यांच्या जुन्या भाषेशी ते जुळतच नाही.

मराठी वाचकाला कुरळ भेटला तो दुसऱ्याच वाटेने. कायदेभंगाच्या चळवळीत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना साने गुरुजी तमिळ शिकले आणि त्यांनी कुरळ मराठीत आणला. तिथे ना मिशन होते, ना ऑक्सफर्डची नोकरी. सोबतच्या दक्षिणी कैद्यांची भाषा यावी ही ओढ होती आणि पुढच्या आंतरभारतीच्या कल्पनेचे बीजही त्यातच होते. पोप आणि गुरुजी यांची जातकुळी अगदी वेगळी, पण परक्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसण्याची तयारी दोघांतही होती.

पोप फेब्रुवारी 1908 मध्ये वारला. ऑक्सफर्डच्या सेंट सेपल्कर दफनभूमीत त्याची कबर आहे. ‘येथे एक तमिळ विद्यार्थी विसावला आहे’ असे तिच्यावर कोरले असल्याचे तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दगडावर तसे काही नाही. तिथे त्याच्या अध्यापनाची नोंद आहे, आणि हा दगड कुटुंबाने व दक्षिण हिंदुस्थानातल्या तमिळ मित्रांनी मिळून बसवला, असा उल्लेख आहे.