पिठलं-भात हेही पूर्ण जेवणच

आठच्या सुमारास घरी पोचून साडेनऊच्या आत पानं वाढायची, तर मधल्या वेळात काय काय शिजू शकतं हे मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरी ‘आज रात्री काय करू’ हा प्रश्न रोज छळतोच. माझ्या मते पाककृती कमी पडतात म्हणून तो छळत नाही. स्वयंपाकाबद्दलच्या काही घट्ट समजुती आपला वेळ खातात आणि वर मनाला टोचणीही लावतात. त्यांतल्या काही साफ चुकीच्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या आहेत आणि एक खरोखर धोक्याची आहे.

‘पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर झाली तरच जेवण’

ही सगळ्यांत जड समजूत. डावं-उजवं वाढलेलं ताट सुंदर असतं, सणावाराला आणि रविवारी ते व्हावंच. पण मंगळवारी रात्री पाचही पदार्थ केले नाहीत म्हणून घरच्यांचं पोषण बुडत नाही. शरीराला लागणारे घटक दिवसभराच्या खाण्यातून मिळायला हवेत. प्रत्येक वेळच्या ताटात ते सगळे हजर असायला हवेत, असा नियम नाही.

धान्य आणि डाळ एकत्र आली की मोठं काम होऊन जातं. तांदूळ-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यातून येतं. म्हणून मुगाची खिचडी, वरणभात, पिठलं-भाकरी हे तिन्ही प्रथिनांच्या बाबतीत चोख जेवण आहे. सोबत काकडी, टोमॅटो किंवा गाजर चिरलं आणि वाटीभर दही किंवा ताक घेतलं की आणखी काही नसलं तरी चालतं.

खिचडी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, ही याच समजुतीची धाकटी बहीण. खानदेशात जाऊन पाहावं. जळगाव-धुळ्याकडे तूरडाळ-तांदळाची खिचडी हे धडधाकट माणसांचं रोजचं रात्रीचं जेवण आहे, वरून तेल, शेजारी भाजलेला पापड आणि कढी. शेजारच्या गुजरातेतही खिचडी-कढीची रात्र कुणाला कमीपणाची वाटत नाही. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूतानेही मूग-तांदळाच्या, तूप घालून खाल्ल्या जाणाऱ्या खिचडीची नोंद केली आहे. इतकी जुनी आणि इतकी पुरेशी गोष्ट आपण ‘आज काही केलंच नाही, नुसती खिचडी टाकली’ असं म्हणत वाढतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वरणफळांचंही तसंच. कुणी त्यांना चकोल्या म्हणतं. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या आमटीत सोडायचे. एका पातेल्यात डाळ आली, गहू आला. शेवग्याच्या शेंगा किंवा मूठभर पालक टाकला तर भाजीही आली.

‘झटपट हवं तर पाकीट फोडायला लागणार’

मराठी स्वयंपाकघरातली जलद जेवणाची व्यवस्था पिठांच्या डब्यांत आहे. थालीपिठाची भाजणी घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे-जिरे हे सगळं वेगवेगळं खमंग भाजून मग दळलेलं असतं. भाजण्यात दोन कामं होतात: धान्यातला ओलावा उडून पीठ टिकतं, आणि कच्चेपणा आधीच गेल्यामुळे ताटाशी बसेपर्यंत शिजवण्याचं काम थोडंच उरतं. कांदा-कोथिंबीर घालून भिजवलं, तव्यावर थापलं, मधे भोकं पाडून कडेने तेल सोडलं आणि झाकण घातलं की काही मिनिटांत थालीपीठ उतरतं. वेळखाऊ भाग महिना-दोन महिन्यांपूर्वीच उरकलेला असतो. कोकणातली कुळथाची पिठी याच विचाराची: कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवले की एरवी तासन्‌तास भिजवावं लागणारं कडधान्य दहा मिनिटांत पिठल्याच्या रूपात भातावर येतं.

बेसनाच्या पिठल्याला तर तेवढीही तयारी लागत नाही. तेलात मोहरी, जिरं, हिंग, लसूण, हिरवी मिरची, कांदा, मग पाणी, पाण्याला उकळी आली की पातळ कालवलेलं बेसन ढवळत ओतायचं. एक वाटी बेसनाला तीन ते चार वाट्या पाणी धरलं की भातावर घेण्याजोगं पिठलं होतं. इथे एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. घट्ट झालं म्हणून लगेच उतरवू नये. मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ येऊ द्यावी, नाहीतर कच्च्या बेसनाची चव राहते. 100 ग्रॅम बेसनात साधारण 20 ते 22 ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा पिठल्याला गरिबाचं किंवा नाइलाजाचं जेवण समजण्याचं कारण नाही.

तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, पीठ न आंबवता घातलेली घावनं, मेतकूट-तूप-मऊभात ही यादी प्रत्येक घराला आपापल्या गावच्या पदार्थांनी वाढवता येईल.

‘पाच शिट्ट्या झाल्या की डाळ शिजते’

शिट्टी हे वेळ मोजायचं माप नाही. आत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की शिट्टी उचलली जाते आणि जादा वाफ बाहेर पडते, इतकाच तिचा अर्थ. गॅस मोठा असेल तर पाच शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कणीदार राहते. बारीक असेल तर दोन शिट्ट्यांतही तिचं मेण होतं. पूर्ण दाबाखाली कुकरमध्ये पाणी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. उघड्या पातेल्यात ते 100 च्या वर जात नाही, आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर 95-96 अंशांनाच उकळतं. दाब पूर्ण भरल्यावर गॅस मोठा ठेवून आतलं तापमान वाढत नाही, नुसती वाफ आणि इंधन जातं. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ लावावं. अर्धा तास भिजलेली तूरडाळ कुकरच्या डब्यात आठ-दहा मिनिटांत शिजते. त्याच कुकरात दुसऱ्या डब्यात तांदूळ आणि तिसऱ्यात बटाटे किंवा भोपळा ठेवला की तेवढ्याच गॅसवर जेवणाचा पाया तयार होतो.

कुकरमुळे अन्नातलं सत्त्व जातं, ही भीतीही तपासून घ्यावी. क जीवनसत्त्वासारखे नाजूक घटक उष्णतेने कमी होतात हे खरं आहे. पण ते पाण्यात उतरतातही, आणि जास्त वेळ शिजवण्यानेही घटतात. कुकरात वेळ कमी लागतो, पाणी कमी लागतं आणि ते पाणी आपण टाकतही नाही. उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात भाजी उकळून पाणी ओतून देण्यापेक्षा कुकर बहुतेक वेळा बराच ठरतो.

मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, असंही सांगतात. शिजण्यात खरा अडथळा आणते ती चिंच, आमसूल, टोमॅटो यांची आंबट बाजू, आणि बोअरचं जड पाणी. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर कडधान्याची सालं उलट लवकर मऊ होतात. छोले-राजमा भिजवायला विसरलात तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं उकळून, झाकून तासभर ठेवावेत आणि मग पाणी बदलून कुकरला लावावेत. राजमा मात्र कधीही अर्धाकच्चा खाऊ नये. त्यात असणारा एक विषारी घटक पोट बिघडवतो, आणि तो खळखळत्या उकळीनेच निष्क्रिय होतो.

‘सकाळचा भात रात्री खळखळून गरम केला की झालं’

धोक्याची म्हटली ती समजूत हीच. धावपळीच्या घरात सकाळी सात वाजता रात्रीचाही भात करून ओट्यावर झाकून ठेवतात आणि रात्री आठला गरम करतात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि त्यांतले काही प्रकार असं विष तयार करतात, की ते घरच्या उकळीने नष्ट होत नाही. म्हणजे गरम केल्याने जिवाणू मेले तरी विष तसंच राहतं. उलट्या सुरू झाल्या की दोष बाहेरच्या पाणीपुरीला जातो, ओट्यावरच्या भाताचा संशय येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित अन्नाबद्दलचा सल्ला सोपा आहे: शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रिज 5 अंशांच्या खाली असावा, पुन्हा गरम करताना अन्न आतपर्यंत 70 अंशांच्या वर जावं. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात तर दोन तासही फार झाले.

मग लोक विचारतात, गरम अन्न फ्रिजमध्ये कसं ठेवायचं, ते खराब होतं ना? अन्न खराब होतं ते बाहेर राहिल्याने. मोठं गरम पातेलं जसंच्या तसं आत सरकवलं तर फ्रिजमधलं बाकीचं अन्न तापतं, एवढी अडचण खरी आहे. तिचा उपाय म्हणजे भात परातीत पसरून वाफ जाऊ द्यायची, मग उथळ डब्यांत भरून तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा. असा भात रात्री फोडणीला टाकायला उत्तम, दाणा मोकळा राहतो. शिळं म्हणजे वाईट हे सरसकट खरं नाही, आणि गरम केलं की सगळं शुद्ध हेही नाही. सगळं ठरतं ते अन्न मधले तास कुठे होतं यावर.

‘फ्रोजन मटारात काही राम नसतो’

मटार तोडल्याबरोबर त्यांच्यातली साखर पिठूळपणाकडे जायला लागते, क जीवनसत्त्वही घटत जातं. कारखान्यात गोठवले जाणारे मटार तोडणीनंतर थोड्याच तासांत गरम पाण्यातून काढून गोठवलेले असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस बाजारात फिरलेल्या शेंगांपेक्षा हलके ठरत नाहीत. हिवाळ्यात सासवडकडची ताजी शेंग मिळत असेल तर तिची गोडी वेगळीच, तिथे वाद नाही. पण जुलैतल्या बुधवारी फ्रीझरमधले मटार काढले तर मन खाऊ देऊ नये. खवलेला ओला नारळ, सोललेले पावटे, आलं-लसणाचं वाटण हेही फ्रीझरमध्ये छान राहतं, आणि रात्रीची वीस मिनिटं वाचवतं.

किरकोळ शंकाही मिटवून टाकू. चिरलेला कांदा हवेतले जंतू शोषून विषारी होतो, हा फिरता निरोप खोटा आहे. झाकून फ्रिजमध्ये ठेवलेला कांदा दुसऱ्या दिवशी बिनधास्त वापरावा. फ्रिजमधली कणीक वरून करडी पडते ती हवेशी होणाऱ्या प्रक्रियेमुळे. तेलाचा हात लावून झाकली तर कमी पडते, आणि आंबूस वास किंवा बुरशी नसेल तर दुसऱ्या दिवशी पोळ्या करायला हरकत नाही. रात्री भात खाल्ल्याने वजन वाढतं असं म्हणतात, पण 100 ग्रॅम शिजलेल्या भातात 130 च्या आसपास उष्मांक असतात, दुपारी तेवढेच आणि रात्रीही तेवढेच. मधुमेह असेल तर मात्र भाताचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

‘हे सगळं तिनेच करायचं’

हा गैरसमज पोषणशास्त्रातला नाही, तरी रात्रीच्या जेवणाच्या वेळेवर सगळ्यांत जास्त परिणाम याचाच होतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, आणि पुरुष 97. मुळात हात लावणाऱ्यांचं प्रमाणच स्त्रियांत 81 टक्के आणि पुरुषांत 26 टक्के होतं. दोघंही नोकरी करत असतील तर आधी घरी पोचेल त्याने कुकर लावावा. डाळ-तांदूळ धुणं, पाण्याचं माप, पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करणं, हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. दहा-बारा वर्षांचं मूल काकडी चोचवू शकतं, दही घुसळू शकतं, पानं घेऊ शकतं. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या तर घरात कुणी त्याचा हिशेब मागू नये. गल्लीतल्या त्या केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि त्या कष्टाचे त्यांना पैसे मिळतात.