सीमेपलीकडील अटक आणि प्रत्यर्पण : ‘बाउंटी हंटर’च्या अधिकाराची मर्यादा

अमेरिकेत जामिनावर सुटलेला आरोपी फरार झाल्यास जामीनदार त्याला पकडण्यासाठी मोबदल्यावर ‘बाउंटी हंटर’ नेमतो. या अधिकाराला ‘टेलर विरुद्ध टेंटर’ (१८७२) या सर्वोच्च न्यायालयीन निर्णयाचा आधार दिला जातो. तथापि, हा अधिकार राष्ट्रसीमेपलीकडे टिकतो काय, हा मूलभूत प्रश्न आहे.

१९८१ मध्ये दोन बाउंटी हंटरांनी टोरांटो येथून एका फरारी आरोपीस बळाने फ्लोरिडात नेले. कॅनडाने हे कृत्य अपहरण मानून प्रत्यर्पणाची मागणी केली. प्रत्यर्पणासाठी कृत्य दोन्ही देशांत गुन्हा ठरावे लागते. जामीनदाराच्या अधिकाराचा बचाव ‘कियर विरुद्ध हिल्टन’ (१९८३) या खटल्यात अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने अमान्य केला. पुढे कॅनडात आरोप सिद्ध झाला.

येथे एक विसंगती दिसते. ‘केर विरुद्ध इलिनॉय’ (१८८६) या निर्णयानुसार पळवून आणलेल्या आरोपीवरही खटला चालू शकतो. म्हणजे पकडलेला सुटत नाही; परंतु पकडणाराही निर्दोष ठरत नाही. १९८८ मध्ये उभय देशांनी पत्रव्यवहाराद्वारे अशा अपहरणास प्रत्यर्पणयोग्य मानण्याचे मान्य केले.

मेक्सिकोत २००३ मध्ये फरारी पकडणाऱ्या ड्वेन चॅपमन यांना २००६ मध्ये प्रत्यर्पणासाठी हवाईत अटक झाली. परंतु मुदत संपल्याने २००७ मध्ये हे प्रकरण निकाली निघाले. सारांश, जामीन हा खासगी करार आहे. त्यातून परकीय भूमीवर पोलिसी अधिकार निर्माण होत नाही.