पहिला एअरब्रश घेताय? आधी कॉम्प्रेसर बघा

प्लॅस्टिकचं विमान किंवा गंडम जोडून झालं, आता रंगाची पाळी. साध्या ब्रशने रंग दिला की फटकारे दिसतात, आणि थर जाड बसला तर पॅनेलच्या बारीक रेघा बुजतात. १:७२ मापाच्या स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर भरतात. एवढ्याशा जागेत जाड थर लगेच खुपतो. एअरब्रश हवेच्या जोरावर रंगाचा अगदी बारीक फवारा मारतो, म्हणून थर पातळ आणि एकसारखा बसतो.

मग मोबाइलवर शोध सुरू होतो आणि समोर येतो तो चार्जिंगवाला, खाली छोटी मोटर लावलेला सेट. स्वस्त, वायर नाही, दिसायलाही भारी. पण पॉकेटमनीतून एकदाच खर्च करायचा असेल तर हा सेट घेऊ नका, असंच मी सांगेन. एअरब्रशला लागते सलग, न थरथरणारी हवा. छोटी मोटर हवा धक्क्याधक्क्याने ढकलते, आणि अशा बऱ्याच सेटमध्ये दाब नीट कमी-जास्तही करता येत नाही. बारीक रेघ मारायला गेलात की ती ठिपक्याठिपक्यांची उमटते, आणि आपल्याला वाटतं की आपला हातच वाईट आहे!

म्हणून बजेटचा मोठा वाटा कॉम्प्रेसरला द्या. त्यात तीन गोष्टी हव्यातच: हवेची टाकी, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप. टाकी हवेचे धक्के गिळते. शिवाय ती भरली की मोटर आपोआप बंद होते, त्यामुळे फ्लॅटमध्ये रात्री रंगवताना शेजारी दार वाजवत नाहीत. ट्रॅपकडे मुंबई-कोकणवाल्यांनी जास्त लक्ष द्यावं. पावसाळ्यातली दमट हवा दाबली गेली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि ते थेंब थेट मॉडेलवर उडतात. गाडीच्या टायरचा पंप चालेल का? नाही. त्याला टाकी नसते आणि तो पटकन तापतो.

आता खुद्द एअरब्रश. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर दाबला की फक्त हवा सुरू होते, रंग किती यायचा ते वेगळ्या स्क्रूने आधीच ठरवावं लागतं. डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सुरुवातीला बोटं गोंधळतात, तरी डबलच घ्या. रंगाची वाटी वरच्या बाजूला असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड बघा. त्यात रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, म्हणून कमी दाबावर काम होतं आणि चार थेंब रंगही पुरतो. नोझल ०.३ मिलिमीटरच्या आसपासचं. ०.२ चं नोझल ऐकायला भारी वाटतं, पण नवशिक्याच्या हातात सारखं तुंबतं. ०.५ प्रायमर आणि मोठ्या मॉडेलसाठी छान. इवाटाचा निओ हा ०.३५ नोझलचा, वर वाटी असलेला डबल अ‍ॅक्शन एअरब्रश नवशिक्यांसाठी चांगला. बिननावाचा स्वस्त घेतलात तरी शिकता येतं, फक्त त्याची सुई आणि नोझल सुटं मिळतं का ते आधी विचारा. सुईचं टोक एकदा वाकलं की फवारा तिरका जातो, आणि सुटा भाग मिळत नसेल तर अख्खा एअरब्रश वाया.

रंग दुधाइतका पातळ करा, दाब १५ ते २० पीएसआय ठेवा. पहिले काही दिवस पाण्यात खायचा रंग घालून कागदावर ठिपके आणि रेघा मारा. मॉडेल कुठे पळून जात नाही.

थोडे पैसे मास्कसाठी बाजूला ठेवा. साधा धुळीचा किंवा कापडी मास्क लॅकर थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो. अ‍ॅक्रिलिक रंगाला वास कमी असतो, पण त्याचाही फवारा छातीत जातोच, म्हणून मास्क आणि उघडी खिडकी दोन्ही हवं.

आणि साफसफाई. दर रंगानंतर त्या रंगाला चालणारं क्लीनर वाटीत घालून स्वच्छ फवारा येईपर्यंत मारायचं. काम संपलं की सुई मागून ओढून काढा आणि मुळाकडून टोकाकडे पुसा. नोझल उघडताना सिंकवर उभे राहू नका, खाली टॉवेल अंथरा. तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, आणि सिंकच्या जाळीतून आरामात खाली जातो.